अमेरिकेचे टपाल खाते एवढ्या तोट्यात असताना विजेच्या गाड्यांवर आणि पर्यावरणावर खर्च का करते?

आपण विचारले आहे की, ज्या खात्याला 2024 च्या आर्थिक वर्षात सुमारे साडेनऊ अब्ज डॉलरचा तोटा झाला, त्याने अंथरूण पाहून पाय पसरावेत की विजेच्या गाड्या घ्याव्यात. मी बरीच वर्षे अमेरिकेत राहतो आणि या खात्याविषयी मला आस्था आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी जुनी गाडी डोळ्यांसमोर आणावी. दुपारी आमच्या रस्त्यावर पांढरी, चौकोनी, पत्र्याची गाडी येते. तिचे सुकाणू उजव्या बाजूला असते, कारण टपाल वाटणाऱ्याला खाली न उतरता रस्त्याकडेच्या पेटीत हात घालता आला पाहिजे. ब्रेक, पेटीचे झाकण उघडणे, पत्रे आत सारणे, झाकण बंद, गाडी वीस-पंचवीस पावले पुढे आणि पुन्हा ब्रेक. हे दिवसभरात काहीशे वेळा चालते. या गाड्या ग्रुमन कंपनीने 1987 ते 1994 या काळात बांधल्या. त्यांचे आयुष्य 24 वर्षांचे धरले होते, पण त्यांतल्या हजारो अजून रस्त्यावर आहेत. त्यांत वातानुकूलन नाही आणि एअरबॅगही नाहीत. लिटरला जेमतेम चार किलोमीटर चालणाऱ्या या गाड्यांपैकी काही तर वाटप चालू असतानाच पेटल्या आहेत.

आता हेच काम विजेच्या मोटरीला देऊन पाहावे. गाडी थांबली की काही जळत नाही, ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परत येते, रोजचा मार्ग ठरलेला व बहुधा छोटा असतो आणि रात्री सगळ्या गाड्या एकाच आवारात उभ्या राहतात. विजेच्या गाडीला याहून सोयीचे काम मला तरी सुचत नाही. टपाल खात्याला हे फार पूर्वी उमगले होते. 1899 मध्ये बफेलो शहरात टपालपेट्या रिकाम्या करण्यासाठी विजेची गाडी वापरून पाहिली गेली आणि घोडागाडीला लागणाऱ्या वेळेच्या निम्म्याहून कमी वेळात ते काम झाले.

मग इतका उशीर का झाला? माझ्या मते याचे उत्तर खात्याच्या तिजोरीत आहे, त्याच्या इच्छेत नाही. 1971 पासून हे खाते स्वायत्त आहे. दैनंदिन कामकाजासाठी त्याला करांतून पैसा मिळत नाही, तिकिटे आणि पार्सले यांच्या कमाईवरच ते चालते. त्यातच 2006 च्या कायद्याने कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीनंतरच्या आरोग्यखर्चाची तरतूद कित्येक वर्षे आधी करण्याची सक्ती झाली आणि वर्षाला साधारण साडेपाच अब्ज डॉलरचा बोजा पडला. ही अट 2022 मध्ये रद्द झाली खरी, पण तोवर 'पहिल्या वर्गाच्या' म्हणजे नेहमीच्या साध्या पत्रांची संख्या 2001 च्या शिखरावरून निम्म्याखाली उतरली होती.

अशा अवस्थेत 2021 मध्ये ऑशकॉश कंपनीला नव्या गाड्यांचे कंत्राट दिले गेले आणि फेब्रुवारी 2022 च्या निर्णयात त्यांपैकी फक्त 10 टक्के गाड्या विजेवर चालतील अशी हमी होती. उरलेल्या पेट्रोलच्या गाड्या वातानुकूलन चालू असताना गॅलनला 8.6 मैल, म्हणजे लिटरला चार किलोमीटरहूनही कमी धावणार होत्या. तीस वर्षांनी घेतलेली नवी गाडी इंधनाच्या बाबतीत जुनीच निघावी, याचे मला तेव्हा फार वाईट वाटले. अमेरिकी सरकारच्याच पर्यावरण संरक्षण संस्थेने आक्षेप घेतला आणि 16 राज्ये न्यायालयात गेली. तरीही खातेप्रमुखांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नव्हते: विजेची गाडी पुढे इंधन आणि दुरुस्तीचा खर्च वाचवते, पण ती घेताना आणि चार्जर बसवताना जास्त पैसा आधीच मोजावा लागतो, आणि नेमका तोच त्यांच्या हाती नव्हता. ज्याची ओढाताण चालू असते तो स्वस्तातली वस्तू घेतो आणि नंतर वर्षानुवर्षे तिच्यासाठी पैसे मोजत राहतो.

ऑगस्ट 2022 मध्ये संसदेने याच कामासाठी सुमारे तीन अब्ज डॉलर दिले आणि चारच महिन्यांत निर्णय बदलला: 2028 पर्यंत 1,06,000 गाड्या, त्यांपैकी 66,000 विजेच्या. एकूण खर्च 9.6 अब्ज डॉलरचा धरला होता, म्हणजे मोठा वाटा खात्याचाच. प्रत्यक्षात गाड्या ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरा आणि थोड्या संख्येने येऊ लागल्या, ही टीका रास्त आहे.

बाकीचे प्रयत्न लहान आहेत आणि बहुतेक काटकसरीतूनच आलेले आहेत. रद्दी आणि पुठ्ठा वेगळा करून विकला जातो. न्यूयॉर्कमधल्या मॉर्गन टपालकेंद्राच्या सुमारे अडीच एकर छपरावर 2009 पासून झाडेझुडपे लावलेली आहेत. ऑक्टोबर 2021 पासून बरीच पत्रे विमानाऐवजी ट्रकने जाऊ लागली. त्यातून पैसा वाचतो आणि धूरही कमी होतो, पण लांबची पत्रे एक-दोन दिवस उशिरा पोहोचतात. या बचतीची किंमत औषधाची वाट पाहणाऱ्या माणसाला मोजावी लागू नये, असे मला कळकळीने वाटते.

आपल्या प्रश्नातला 'आधी तोटा भरून काढा' हा विचार 2025 मध्ये थेट सिनेटमध्येही पुढे आला होता. घेतलेल्या विजेच्या गाड्या आणि चार्जर लिलावात काढावेत, असा तो प्रस्ताव होता. टपाल खात्याने कळवले की यातून फारसे काही हाती लागणार नाही, कारण चार्जिंगची बरीचशी यंत्रणा वाहनतळांच्या जमिनीखाली पुरलेली आहे आणि वापरलेल्या चार्जरना बाजारात गिऱ्हाईक नाही. सिनेटच्या नियमतज्ज्ञांनी अर्थसंकल्पी विधेयकात ती तरतूद बसत नाही असा निर्वाळा दिला आणि गाड्या वाचल्या. त्या विकल्या गेल्या असत्या, तर टपाल वाटण्यासाठी खात्याला पुन्हा पेट्रोलच्याच गाड्या विकत घ्याव्या लागल्या असत्या.