अँजिओप्लास्टीनंतर वडिलांना ओमेगा-३ अंडी आणि ए२ तूप द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की वडील एकसष्ट वर्षांचे आहेत, दोन महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. आईला घरात मासळीचा वास चालत नाही, म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून ओमेगा-३ अंडी, ए२ तूप आणि प्रोबायोटिक दही सुरू केलंय. यात जाणारे जादा पैसे कारणी लागतात का, हा तुमचा प्रश्न.

मी डॉक्टर नाही. पण बावीस वर्षं लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्यांच्या खाद्याचे फॉर्म्युले बसवण्यात गेली, त्यामुळे ही अंडी कशी तयार होतात ते आतून पाहिलंय. शिवाय चार वर्षांपूर्वी मलाही एक स्टेंट बसला. तेव्हा दोन्ही बाजूंनी सांगतो.

ओमेगा-३ अंडं ही फसवणूक नाही, हे आधी सांगून टाकतो. कोंबडीच्या नेहमीच्या खाद्यात मका आणि सोयाबीनची पेंड असते. त्यात शंभर किलोमागे आठ-दहा किलो जवस मिसळलं की दोन-तीन आठवड्यांत बलकातली चरबी बदलते. जवसात अल्फा-लिनोलेनिक नावाचं ओमेगा-३ (एक प्रकारची चरबी) असतं. आपल्या शरीराला त्यातून हृदयाच्या कामाचं ईपीए आणि डीएचए (ओमेगा-३ चीच दुसरी रूपं) बनवायला फारसं जमत नाही, डीएचए तर नावालाच बनतं. कोंबडीचं यकृत या बाबतीत आपल्यापेक्षा बरंच हुशार. ती जवस खाते, त्यातलं थोडं डीएचएमध्ये बदलते आणि बलकात साठवते. साध्या अंड्यात तीस-पन्नास मिलिग्रॅम डीएचए असेल, तर अशा अंड्यात ते ऐंशी-शंभरपर्यंत जातं. जवस जास्त झालं की कोंबड्यांची विष्ठा पातळ होते आणि अंड्याला मासळीसारखा वास मारतो. चरबी खवट होऊ नये म्हणून ई जीवनसत्त्वही वाढवावं लागतं. म्हणजे अंडं महाग असायला कारण आहे. (बलक गडद केशरी दिसला म्हणून ते ओमेगा-३ चं ठरत नाही. तो रंग झेंडूच्या अर्कानेही येतो, तेही आम्हीच घालायचो.)

आता हिशोब करू. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने हृदयाचं काम नीट चालण्यासाठी दिवसाला २५० मिलिग्रॅम ईपीए आणि डीएचए मिळून हा आकडा धरला आहे. अंड्यांतून तेवढं मिळवायचं तर रोज अडीच-तीन ओमेगा-३ अंडी खावी लागतील, आणि तेवढे बलक तुमच्या वडिलांना कोणी खाऊ देणार नाही. एका अंड्यात १८०-२०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं आणि खाद्य कितीही बदललं तरी ते फारसं हलत नाही. ‘कमी कोलेस्टेरॉलची अंडी’ असं लिहिलेला खोका दिसला तर मी त्या दुकानदाराकडे जरा निरखून बघतो. आमच्या मार्केटिंगवाल्याला खोक्यावर लाल हृदय छापायचं होतं. मी म्हटलं, ‘ओमेगा-३ युक्त’ एवढंच छाप, ते खरं आहे. खोक्यावर हृदय आलंच.

तारली (सार्डिन) या छोट्या मासळीचं गणित वेगळं आहे. शंभर ग्रॅम तारलीत साधारण एक ग्रॅम ईपीए-डीएचए मिळतं, मोसमानुसार कमी-जास्त. पावसाळा संपल्यावरची तारली तेलकट असते, तेव्हाची सगळ्यात चांगली. आठवड्यातून दोनदा शंभर-शंभर ग्रॅम खाल्ली तर रोजचे अडीचशे मिलिग्रॅम निघाले, तेही बाजारातल्या जवळपास सगळ्यात स्वस्त मासळीतून. बांगडाही चालतो. सुरमईसाठी खिसा रिकामा करू नका. मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साचतो, त्यामुळे छोटी मासळी तशीही बरी. फक्त रवा लावून तेलात बुडवून तळू नका. आमच्याकडे तिखट-कोकमातलं तिखलं होतं, तेल नावाला. वासाचं म्हणाल तर वडिलांना आठवड्यातून दोनदा बहिणीकडे किंवा मित्राकडे जेवायला पाठवा. हे मी थट्टेने लिहीत नाही, आमच्या शेजारच्या काकांनी हाच तोडगा काढलाय.

मग कॅप्सूल का नको? इथे चित्र गुंतागुंतीचं आहे. १९९९ साली इटलीत नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ११,३२४ रुग्णांचा अभ्यास झाला. रोज सुमारे एक ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांत मृत्यू, विशेषतः अचानक येणारे, कमी झाले. पण तेव्हा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या, आजच्याइतक्या सर्रास दिल्या जात नव्हत्या. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जवळपास २६ हजार लोकांच्या चाचणीत तेवढीच मात्रा दिली, तर मुख्य निकषावर फरक दिसला नाही. ते लोक मात्र मुळात हृदयरुग्ण नव्हते. शिवाय जास्त मात्रेने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात ते. म्हणून कॅप्सूल मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने आणू नका, हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

ए२ तुपाबद्दल मात्र मला रागच येतो. ए१ आणि ए२ हा फरक दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाचा, त्याच्या साखळीत ६७ व्या जागी कोणतं अमिनो आम्ल आहे एवढाच. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ चरबी, त्यात प्रथिन उरतच नाही. मग ए२ कशाचं? एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने ऑगस्ट २०२४ मध्ये हेच कारण देऊन पाकिटांवरचे असले दावे काढायला सांगितलं होतं, पण काही दिवसांतच ते पत्र मागे घेतलं. त्यामुळे बरण्या अजून तशाच विकल्या जातात. गवतावर चरणाऱ्या गायीच्या तुपात सीएलए नावाची गुणकारी चरबी असते, असाही युक्तिवाद ऐकाल. असते, पण ग्रॅमला पाच ते वीस मिलिग्रॅम. माणसांवरच्या प्रयोगांत दिवसाला तीन ग्रॅमच्या आसपास वापरतात. तेवढं मिळवायला रोज दीडशे ते सहाशे ग्रॅम तूप लागेल! आणि तुपातली साठ टक्क्यांहून जास्त चरबी संपृक्त, म्हणजे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढवणारी. वरण-भातावर अर्धा चमचा साधं तूप घेऊ दे त्यांना, मीही घेतो. औषध म्हणून तूप नको.

दह्याचं थोडक्यात. घरी विरजलेलं, साय काढलेल्या दुधाचं दही खुशाल द्या. प्रोबायोटिक जिवाणूंनी एलडीएल थोडंसं उतरतं, तेही ठरावीक जातींनीच, आणि बहुतेक डब्यांवर जात लिहिलेलीही नसते. जपानने १९९१ मध्येच अशा ‘गुणकारी’ पदार्थांसाठी सरकारी परवान्याची पद्धत आणली. तिथलं रक्तदाब उतरवणारं आंबवलेलं दूध बरंच गाजलं. युरोपच्या त्याच यंत्रणेने मात्र तो दावा मान्य केला नाही. तुमच्या वडिलांच्या दह्यात मीठ-साखर किती जाते, हे जास्त बघा.

तुमच्या जागी मी असतो तर ए२ तूप आजच बंद केलं असतं. डॉक्टर अंड्याला हो म्हणाले तर, ज्या दिवशी तारली नाही त्या दिवशी एक ओमेगा-३ अंडं, उकडून, आणि त्या दिवशी ताटात फरसाण नाही, कारण अंड्यासोबत ते आलं की सगळं मुसळ केरात. जवसाची चटणी विदर्भात घरोघर असते, ती आईलाही चालेल. जवस भाजून कुटलेलं हवं (अख्खं तसंच बाहेर पडतं), मीठ बेताचं. त्यातून डीएचए मिळेल अशी आशा धरू नका, पण तंतू भरपूर मिळतात. आणि रक्त पातळ करणारी आणि स्टॅटिनची गोळी ‘आता अंडी सुरू केलीत ना’ म्हणून कोणी बंद करत नाहीये ना, हे एकदा डबी उघडून स्वतः मोजा. माझ्या बाबतीत हे झालं होतं, आणि बंद करणारा मीच होतो.