भरपाईसाठी एक रुपयाही नाही

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परत परत वाचला. जुगार वाईट, हे तुला सांगत बसणार नाही. तुझ्या घरात ते कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. तुझा प्रश्न निराळा आहे : पर्सनल लोन काढायचं, ॲपवरच्या जुगारात गेले तेवढेच परत मिळवायचे आणि मग कायमचं थांबायचं. "काका, यात चूक काय?"

आजवर जे केलंस त्या सगळ्यापेक्षा ही चूक मोठी आहे. भरपाईसाठी एक रुपयाही लावायचा नाही. गेले ते गेले.

अर्ध्या मेसेजात तू नुसता बचाव मांडला आहेस. आजोळी दिवाळीत तीन पत्ती चालते. महालक्ष्मीला घोडे धावतात, मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत, सरकार स्वतः लॉटरी विकतं. सगळं खरं आहे. मी भर घालतो. राज्याची लॉटरी १९६९ साली निघाली ती लोकांना मटक्यापासून वळवण्यासाठी. आपला जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा, इंग्रजांच्या वेळचा. रमी कौशल्याचा खेळ असं सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये म्हटलं, घोड्यांच्या शर्यतींबद्दल १९९६ मध्ये. गोवा सरकारला कॅसिनोचा महसूल चालतो, पण २०२० पासून खुद्द गोवेकरांना जुगाराच्या टेबलापाशी मज्जाव आहे. यावरूनच काय ते समज. समाज दुटप्पी आहे, मान्य. पण त्याने तुझ्या खात्यात किती जमा झाले? समाजाचा हिशेब तू पुढे कधीतरी कर. आत्ता स्वतःचा कर.

माझ्या धाकट्या भावाबद्दल तू घरात अर्धवट ऐकलं असशील. आता माझ्याकडून ऐक.

आम्ही परळचे. तो गिरणीत लागला आणि १९८२ चा संप सुरू झाला. पगार थांबले, गिरणगावातली चूल कशी चालायची ती चालत होती, पण मटका थांबला नाही. कल्याणजी भगतचा मटका आणि रतन खत्रीचा मटका, दोन्ही साठच्या दशकात सुरू झालेले. आधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लागायचा, तो बंद पडल्यावर चिठ्ठ्या आणि पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा अंक तो आकडा. दोन, पाच, आठ आले तर पंधरा, म्हणजे पंजा. रात्री नऊला पहिला आकडा म्हणजे ओपन, बाराला दुसरा म्हणजे क्लोज. भाऊ बिडीच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर मागच्या आठवड्याचे आकडे ओळीने मांडायचा आणि त्यात काहीतरी क्रम शोधायचा. अक्षर सुरेख होतं त्याचं.

तो मौजेसाठी खेळत नव्हता. दर वेळी एकच म्हणायचा, "मागचं भरून आलं की सोडतो." गणित साधं होतं आणि मी ते त्याला त्याच कागदावर मांडून दाखवलं होतं. आकडे दहा, लागला तर रुपयाला नऊ. ओपन-क्लोजच्या जोड्या शंभर, लागली तर रुपयाला नव्वद. म्हणजे खेळ अगदी सचोटीने चालला तरी लावलेल्या दहांतला एक खाईवालाच्या, म्हणजे आकडे घेणाऱ्याच्या, घरी जाणार. अशा खेळात जास्त वेळा खेळून मागचं भरून निघत नाही, अजून जातं. दहावी पास माणसाला कळेल एवढंच हे आहे. त्याला कळलंही होतं. तरी तो भरपाईला जात राहिला, आणि आईच्या पाटल्या गेल्या.

आधीची देणी मी फेडली होती. पुढचं देणं आलं तेव्हा नकार दिला. खाईवालाची माणसं चाळीच्या जिन्यात येऊन उभी राहिली. सगळे मला म्हणाले, अब्रूचा प्रश्न आहे, देऊन टाक. मी बँकेत होतो, मला ठाऊक होतं की आपल्या या जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ पासूनचा कायदा आहे : जुगाराच्या पैशासाठी कोर्टाची पायरी चढताच येत नाही, त्यासाठी दिलेली उसनवारीसुद्धा वसूल होत नाही. ती माणसं जिन्यापर्यंतच येऊ शकत होती. मी दार लावून घेतलं. भाऊ माझ्याशी त्यानंतर नीट बोलला नाही. आई मला दगड म्हणाली. तिच्या तोंडून ते ऐकल्याचं दुःख आजही आहे, पण निर्णयाचं नाही. मी दिलेला प्रत्येक रुपया त्याच्या हातात पडताच भरपाईचा रुपया होत होता. मी देत राहिलो असतो तर आमची खोलीही गेली असती. हे मी नातेवाइकांना सांगून थकलो. तू तरी समजून घे.

तू म्हणशील, मटका अडाण्यांचा, माझं वेगळं. मग द्यूतसभा आठव. युधिष्ठिर राज्य हरला, भावांना हरला, स्वतःला हरला. तेव्हा शकुनी काय म्हणतो? अजून द्रौपदी आहे, तिला पणाला लाव आणि स्वतःला परत जिंकून घे. सगळा खेळ त्या 'परत'मध्ये आहे. तू हरल्यावर ॲपवर तुला बोनस येतो ना, तो याच जातीचा आहे.

आणि शेअर बाजारातल्या ऑप्शन्सचं बोलू नकोस. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब काढला : फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. मला त्यातली पुढची ओळ जास्त लागली. लागोपाठ वर्षं तोटा होऊनही त्यातल्या पाऊणशे टक्क्यांहून अधिक लोकांनी व्यवहार सोडला नाही. शिकलेली माणसं आहेत ही. माझा भाऊ बिडीच्या कागदावर करायचा तेच ही मोबाइलवर करतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, मोठ्या ॲप्सनी ते खेळ बंद केले, तेव्हा तू सुटायला हवा होतास. तू टेलिग्रामवरून आलेल्या लिंकवर गेलास. जिंकलास तरी ते पैसे हातात येतील याची खात्री नाही, आणि दाद मागायला जागा नाही. का गेलास? तू लिहिलंच आहेस, भरपाईसाठी. अरे, किती वेळा तेच!

त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने लपवतोय हे कारण मला देऊ नकोस. तू बाबांना भितोस. ते चिडतील, दोन दिवस जेवणार नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी वही घेऊन तुझ्याशेजारी बसतील. मी त्यांना तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखतो.

लोनचा अर्ज भरला असशील तर आजच रद्द कर. यूपीआयची मर्यादा कमीत कमी करून घे, पगाराच्या खात्यावर ताईची नजर राहू दे. तिला ते सांगताना लाज वाटेल, वाटू दे. रात्री हात शिवशिवले तर १४४१६ वर फोन कर, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलतात. मलाही कर, मी उशिरापर्यंत जागा असतो.

रविवारी सगळ्या खात्यांची स्टेटमेंट छापून घेऊन ये, मोबाइलवर दाखवू नकोस. कुणाचे किती द्यायचे, व्याज कुठे जास्त, आधी कुठलं फेडायचं, हे आपण कागदावर मांडू. पगारातून फेडायला दोन-तीन वर्षं लागतील, लागू देत. माझ्याकडे पैसे मागू नकोस, मी देणार नाही. आणि येण्याआधी बाबांना सांगून ये.

तुझा,
काका