प्रश्न वाचकांचे : कंपवात, मूलपेशी आणि संशोधनाची वाट

प्रश्न : मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते आणि बारावी विज्ञान शाखेत शिकते. माझ्या आजोबांनी आयुष्यभर यंत्रमागावर चादरी विणल्या. गेली सहा वर्षे त्यांना कंपवात (पार्किन्सन्स) आहे. मोकळे बसले की त्यांचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहतात, जणू तुटलेला धागा ते अजून सांधत आहेत. मूलपेशींनी मेंदूचे आजार बरे करण्यावर संशोधन करावे, असे मला मनापासून वाटते. घरचे म्हणतात, मेडिकलला नंबर लागला तर ठीक, नाहीतर बीएस्सी-बीएड कर. मॅडम, असे संशोधन करणारा माणूस नेमके काय करतो, आणि त्यात आयुष्य घालवून हाती काय लागते?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : वैद्यकाच्या पुस्तकांत या कंपाला गोळी वळल्यासारखा कंप म्हणतात, पण तू दिलेली उपमा आपल्या गावाला अधिक जवळची आहे. पुढच्या वेळी नीट पाहा : आजोबांनी चहाचा कप उचलायला हात पुढे केला की तो कंप बहुधा कमी होतो आणि हात मांडीवर विसावला की पुन्हा सुरू होतो. मध्यमेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाच्या लहानशा काळसर भागात डोपामिन हे निरोप पोहोचवणारे रसायन तयार करणाऱ्या चेतापेशी असतात. त्या हळूहळू मरत जातात आणि हालचाल सुरू करण्याची, ती आवरण्याची मेंदूची घडी विस्कटते. आजोबा घेत असलेली लेव्होडोपाची गोळी डोपामिनची उणीव भरून काढते, मात्र मेलेली पेशी तिने परत येत नाही. (हेच लेव्होडोपा आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांतही असते, पण त्याचे प्रमाण बीगणिक बदलते, म्हणून घरगुती प्रयोग करू नयेत.) मेलेल्या पेशीच्या जागी नवी पेशी लावता येईल का, या एका प्रश्नावर तुला हवे असलेले सारे संशोधन उभे आहे.

त्यात आयुष्य घालवणे म्हणजे काय, हे स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे चेतावैज्ञानिक अँडर्स ब्यॉर्क्लुंड यांच्याकडे पाहिले की कळते. 1979 मध्ये त्यांच्या गटाने, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील दुसऱ्या एका गटाने, डोपामिन गमावलेल्या उंदरांच्या मेंदूत उंदराच्याच गर्भातील चेतापेशी लावल्या आणि उंदरांची बिघडलेली हालचाल सुधारल्याचे दाखवले. 1987 मध्ये ब्यॉर्क्लुंड आणि चेताविकारतज्ज्ञ उल्ले लिंडवाल यांच्या गटाने लुंडमध्ये मानवी गर्भातील पेशींचे रोपण कंपवाताच्या रुग्णांवर सुरू केले. काही रुग्णांना अनेक वर्षे टिकणारा आराम मिळाला. परंतु एका रुग्णासाठी अनेक गर्भांतील ऊती लागत, त्या वेळेवर मिळत नसत, आणि त्यामागचा नैतिक प्रश्नही सोपा नव्हता.

मग 2001 साली अमेरिकेत 40 रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल आला. निम्म्या रुग्णांच्या मेंदूत पेशी सोडल्या होत्या, निम्म्यांच्या कवटीला फक्त छिद्रे पाडली होती, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. वयाने लहान असलेल्या काही रुग्णांत सुधारणा दिसली, पण एकूण अपेक्षित फायदा सिद्ध झाला नाही, आणि पेशी मिळालेल्यांपैकी सुमारे 15 टक्के रुग्णांत पुढे अनावर, वेड्यावाकड्या हालचाली सुरू झाल्या. या क्षेत्राचा मला सर्वाधिक आदर वाटतो तो याच टप्प्यासाठी, कारण आपल्याच उपचाराने माणसांना त्रास झाला हे या लोकांनी छापून सांगितले, तो का झाला हे शोधत बसले आणि काम सोडले नाही.

दरम्यान पेशी आणायच्या कुठून, याचे उत्तर दुसऱ्या वाटेने आले. 1998 मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातील मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून निरनिराळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा कच्च्या पेशी) प्रयोगशाळेत वाढवल्या. अस्थिशल्यचिकित्सेचे शिक्षण घेऊन संशोधनाकडे वळलेले जपानचे शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशी, चार जनुकांच्या साहाय्याने, पुन्हा मूलपेशींसारख्या केल्या. अशा पेशींना आयपीएस पेशी म्हणतात, आणि त्यासाठी यामानाकांना 2012 चे नोबेल मिळाले. क्योटोचे मेंदूशल्यचिकित्सक जुन ताकाहाशी यांनी अशाच पेशींपासून डोपामिन पेशींची रोपे तयार केली आणि 2018 मध्ये पहिल्या रुग्णात त्यांचे रोपण झाले. एकूण 7 रुग्णांच्या त्या चाचणीचा निकाल 2025 मध्ये प्रसिद्ध झाला : गंभीर दुष्परिणाम आढळला नाही, आणि ज्या 6 जणांत परिणामकारकता तपासली त्यांपैकी 4 जणांची हालचाल, औषधाचा असर उतरलेला असतानाही, सुधारली. जुन यांच्या पत्नी मासायो ताकाहाशी यांच्या गटाने त्याआधीच, 2014 मध्ये, डोळ्याच्या पडद्यासाठी आयपीएस पेशींचा पहिला वापर केला होता. लुंडमध्येही मालिन पारमार यांच्या पुढाकाराने भ्रूणीय मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी फेब्रुवारी 2023 मध्ये पहिल्या रुग्णाला दिल्या गेल्या. उंदरापासून तिथवर 44 वर्षे लागली. हाती काय लागते, या तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे याहून प्रामाणिक उत्तर नाही.

रोजचे काम मात्र पुष्कळसे आजोबांच्या कामासारखे असते. 37 अंश तापमान आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या कपाटात पेशींच्या बशा ठेवलेल्या असतात. रोज, रविवारीसुद्धा, त्यांचे पोषणद्रव बदलायचे, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वसाहत पाहायची, भलतीकडे वळलेल्या पेशी काढून टाकायच्या. एक जरी पेशी कच्ची, म्हणजे मूलपेशीच राहिली, तरी रुग्णाच्या डोक्यात तिची गाठ होऊ शकते, म्हणून ही निवड डोळ्यांत तेल घालून करावी लागते. मी संशोधक विद्यार्थिनी असताना एका दिवाळीच्या सुट्टीत आमच्या कपाटाचे कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर संपले आणि ते कोणाच्याच लक्षात आले नाही. पाडव्याच्या सकाळी दार उघडले तर तांबूस द्रव गर्द जांभळट गुलाबी झाले होते. चार महिन्यांचे काम गेले. मी जिन्यात बसून रडले, आणि भाऊबीज झाल्यावर पहिल्या बशीपासून पुन्हा सुरुवात केली.

वाटेबद्दल थोडक्यात सांगते. एमबीबीएस करूनही संशोधनात येता येते. यामानाका आणि ताकाहाशी दोघेही डॉक्टरच आहेत. तो योग आला नाही तर आयसरची (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) प्रवेश परीक्षा दे, पुण्यातच संस्था आहे. तेही जमले नाही तर सोलापुरात चांगली बीएस्सी कर आणि एमएस्सीनंतर नेट परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळव. सध्या ती सुरुवातीला महिना 37,000 रुपये आहे, हे घरच्यांना आवर्जून सांग. पीएचडीला पाच-सहा वर्षे लागतात. बेंगळुरूचे निमहान्स (मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञान संस्था) आणि एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र), मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र ही नावे वहीत लिहून ठेव. मराठी माध्यमाची धास्ती घेऊ नकोस. संख्याशास्त्र मात्र आतापासून पक्के कर, कारण आपला प्रयोग फसला आहे हे ओळखायला तेच शिकवते.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय 68) कंपवात आहे. मोठ्या शहरातील एक दवाखाना त्यांच्याच कमरेच्या हाडातील स्टेम सेल काढून पाठीच्या कण्यात सोडतो आणि तीन इंजेक्शनांचे सहा लाख रुपये सांगतो. मोहोळ तालुक्यातील एक एकर विकायला काढले आहे. निर्णय योग्य आहे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : कृपया व्यवहार थांबवा. वर सांगितलेल्या चाचण्यांत पेशी आधी डोपामिन पेशींच्या वाटेवर आणल्या जातात आणि कवटीला छिद्र पाडून मेंदूतील नेमक्या जागी सोडल्या जातात. अस्थिमज्जेतील पेशी कण्यात सोडल्याने मेंदूत नव्या डोपामिन पेशी तयार होतात, असे सिद्ध झालेले नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले, तर मंजूर चाचणीबाहेर मूलपेशी देणे अनैतिक आणि गैरवर्तन ठरते. चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. दवाखाना "ही चाचणीच आहे" असे म्हणाला, तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतील क्रमांक मागा आणि तो इंटरनेटवर स्वतः तपासा.

तुमची घालमेल मी समजू शकते. वडिलांना अंगरख्याची बटणे लावता येत नाहीत हे रोज पाहणाऱ्या मुलाला थांबा म्हणणे सोपे नाही. पण आज होण्यासारखे बरेच शिल्लक आहे. चेताविकारतज्ज्ञांकडून गोळ्यांचे प्रमाण पुन्हा ठरवून घ्या. गोळीचा असर लवकर उतरत असेल तर मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया (डीबीएस) त्यांना चालेल का, तेही विचारा, कारण तिचा उपयोग अनेक रुग्णांत सिद्ध झालेला आहे. गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, कारण डाळ-दुधातील प्रथिने तिला रक्तात आणि मेंदूत शिरताना अडवतात. मळमळ होत असेल तर सोबत कडक भाकरीचा तुकडा चालेल, दूध नको. आणि आठ दिवस एका वहीत गोळीची वेळ, हात मोकळा झाल्याची वेळ आणि पुन्हा आखडल्याची वेळ लिहून ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.