पत्रा घातला तर झोपेचं काय?

प्रश्न : आमचं चिऱ्याचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. आजोबांच्या वेळची मंगळुरी कौलं आहेत. माकडं ती फोडतात, मे महिन्यात कौलं परतायला माणूस मिळत नाही आणि पावसात माजघरात घमेली मांडावी लागतात. घरी आईबाबा दोघंच. सगळे म्हणतात, कौलं उतरवा, रंगीत पत्रा घाला. शेजाऱ्यांनी घातलाय, पण सर आली की त्यांच्याकडे बोललेलं ऐकू येत नाही. बाबांना आधीच कमी ऐकू येतं, आईची झोप सावध. कमी आवाजाचा आणि खाऱ्या हवेत टिकणारा पत्रा कोणता?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कौलं उतरवायची हे ठरवूनच टाकलंत की काय? जरा थांबा.

बाजारातला नेहमीचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. एक चौरस मीटर तुकडा भरतो चारेक किलो. तेवढ्याच जागेत मंगळुरी कौलं बसतात पंधराच्या आसपास, वजन पस्तीस किलोच्या पुढे. थेंब पडला की पातळ, ताणून बसवलेला पत्रा शिमग्यातल्या ढोलाच्या पानासारखा घुमतो. कौल जड, शिवाय प्रत्येक सुटं, त्यामुळे एकाची थरथर दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. पत्र्याला खालून फोमचं अस्तर लावून देतात, ते उन्हाला बरं. आपल्याकडच्या आषाढातल्या सरींपुढे त्याचा फार उपयोग नाही. थर्माकोलच्या छताचंही तेच. रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, भरलं तर आवाज खरंच उतरतो, पण ते कोरडं राहायला हवं आणि कोकणात चार महिने काय कोरडं राहतं?

म्हणून तुमच्या घराला माझा सल्ला : पत्रा खाली, कौलं वर. किनाऱ्यालगत बरेच जण आता असंच करतात. आवाज कौलांनी झेलायचा, पाणी पत्र्याने अडवायचं. माकडाने कौल फोडलं तरी माजघरात थेंब येत नाही, आणि परतायला माणूस महिनाभर उशिरा आला तरी बिघडत नाही.

आवाजाची काळजी मिटली की पत्रा फक्त खाऱ्या हवेकडे बघून निवडता येतो. इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. उघड्या पत्र्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, कौलांखालच्या पत्र्यावरचं तसं धुतलं जात नाही. पागोळीच्या आतली बाजू आधी गंजलेली दिसते ती त्यामुळेच. म्हणून समुद्र इतका जवळ असताना मी ॲल्युमिनियमचा पत्रा घेईन. महाग पडेल, पण तांबेरा चढणार नाही. तुमचे वासे लाकडी आहेत हे चांगलं. ॲल्युमिनियम थेट लोखंडी पाइपला टेकवलं तर खारट ओलीत ते जोडावर खाल्लं जातं. तेवढं बजेट नसेल तर गॅल्व्हल्यूम घ्या, म्हणजे ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप दिलेला पोलादी पत्रा. त्यातला एझेड 150, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 150 ग्रॅम लेप. हमीपत्रात समुद्रापासून किती अंतर धरलंय तेही वाचा.

पत्र्याआधी मरतो तो स्क्रू. स्टेनलेस स्टीलचा, रबरी वायसरसकट घ्या आणि पत्र्याच्या उंचवट्यावर मारायला लावा, खळग्यात नको. गॅल्व्हल्यूम घेतलात तर ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांनी लेप जळतो आणि उडालेला कीस पहिल्या पावसात गंजून डाग पाडतो.

कौलांच्या रिपा, म्हणजे कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्या, थेट पत्र्यावर आडव्या ठोकल्या की प्रत्येक रिपेशी पाणी आणि पालापाचोळा अडतो. आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या रिपा. पागोळीकडची फट जाळीने बंद करा, नाहीतर उंदीर आणि खारी बिनभाड्याच्या राहतील. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा दापोली-मंडणगडात पत्रेही उडाले आणि कौलंही. म्हणून कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळी तारेने बांधून घ्या.

सिमेंटचा पत्रा आवाजाला बरा असतो, पण जुना ॲस्बेस्टॉसचा कुणी फुकट दिला तरी नको. कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक. मागची पडवी, लाकडांची खोप इथे साधा पत्रा खुशाल घाला, तिथे कोण झोपतंय?

काम सुरू करण्याआधी सुताराला माळ्यावर चढवून वाशांची टोकं टोचून बघायला सांगा. भिंतीत गेलेली टोकंच आधी कुजतात. दिवाळीनंतर लगेच काम काढा, मेमध्ये सुतार दुप्पट मजुरी मागून परत येतही नाही. फुटलेल्या कौलांच्या जागी नवी घ्यायची घाई नको, जुन्यांच्या खाचा नव्यांशी बऱ्याचदा जुळत नाहीत. शेजाऱ्यांनी पत्रा घातला म्हणता ना, त्यांची उतरवलेली कौलं परसात रचलेली असतील. एक कौल नेऊन ताडून बघा आणि जुळलं तर तीच मागून घ्या.