नाग नदीचे पाणी टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांनी आणि उन्हाने शुद्ध करता येईल का?

मिथिलिन ब्लू या रंगद्रव्याचा निळा रंग टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांमुळे उन्हात उडतो, तर हीच युक्ती नाग नदीला का लावू नये, असे तुम्ही विचारले आहे. मी नागपुरातच रसायनशास्त्र शिकवतो आणि एमएस्सीच्या विद्यार्थ्यांचे याच विषयावरचे प्रकल्प तपासतो. नदीच्या आजच्या पाण्यावर ही पद्धत चालणार नाही असे माझे मत आहे. आधीच प्रक्रिया होऊन नितळ झालेल्या पाण्यात उरलेले औषधांचे, कीटकनाशकांचे किंवा रंगांचे अल्प अंश काढण्यासाठी मात्र ती विचारात घेण्याजोगी आहे.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपात इलेक्ट्रॉनला वरच्या ऊर्जापट्ट्यात जाण्यासाठी सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजेच साधारण ३८७ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो. इलेक्ट्रॉन वर गेला की मागे धनभारित रिक्ती उरते. ती कणाच्या पृष्ठभागावरील पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलके (अतिशय क्रियाशील घटक) तयार करते, इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनला मिळतो, आणि ही मूलके सेंद्रिय रेणू तोडत तोडत, पुरेसा वेळ मिळाल्यास, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत नेतात. मात्र बहुतेक इलेक्ट्रॉन काही काम न करताच रिक्तीत परततात. शिवाय नागपूरचे मे महिन्यातले ऊन कितीही भाजून काढत असले, तरी सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा जेमतेम ४ ते ५ टक्के असतो, आणि टायटॅनियम डायऑक्साइड या उत्प्रेरकाला उष्णता नव्हे, तेच किरण हवे असतात.

आता तुमच्या निळ्या रंगाविषयी, कारण बहुतेक प्रकल्प इथेच फसतात. रंग जाणे म्हणजे प्रदूषक जाणे नव्हे. मिथिलिन ब्लू स्वतःच दृश्य प्रकाश शोषून उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देतो, काही रंग कणांना नुसता चिकटतो, आणि द्रावणात ऑक्सिजन कमी पडला तर तो क्षपण होऊन (म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊन) रंगहीन रूपात जातो. असे द्रावण हवेत हलवले की निळाई परत येते. म्हणून द्रावण आधी अर्धा तास अंधारात ढवळावे, उत्प्रेरकाशिवाय एक बीकर त्याच उन्हात ठेवावा, नमुना सेंट्रिफ्यूज करूनच (वेगाने फिरवून कण वेगळे करूनच) त्याचे ६६४ नॅनोमीटरवरचे प्रकाशशोषण मोजावे, आणि सुरुवातीचा व शेवटचा सीओडी (पाण्यातल्या द्रव्याच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) तरी काढावाच. टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) मोजण्याची सोय असेल तर फारच उत्तम. मी तर रंगाऐवजी रंगहीन फिनॉल किंवा सॅलिसिलिक आम्ल घ्यायला सांगतो. तिथे डोळ्यांना भुलण्याची सोयच नसते.

नदीकडे वळू. तिच्यात मुख्यतः शहराचे सांडपाणी वाहते. गढूळपणामुळे अतिनील किरण थोड्याच खोलीपर्यंत पोचतात, आणि जी मूलके बनतात ती मोजक्या घातक रेणूंना शोधत बसत नाहीत. समोर येईल त्या सेंद्रिय द्रव्यावर आणि बायकार्बोनेटवर ती खर्ची पडतात. ज्या मैल्याला जिवाणू स्वस्तात पचवतात त्यासाठी ही महागडी मूलके उधळण्यात मला अर्थ दिसत नाही.

कण परत मिळवण्याची अडचण वेगळीच. ढवळलेले पाणी पातळ ताकासारखे पांढुरके होते आणि तसेच राहते. साध्या गाळणकागदातून कण निसटतात, आणि पाणी शुद्ध करता करता त्यात नवेच कण सोडून देणे परवडणारे नाही. काचेवर थर बसवला तर गाळण्याची कटकट संपते, पण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग घटतो आणि वेग मंदावतो. लोह ऑक्साइडचा गाभा असलेले कण चुंबकाने ओढता येतात, मात्र गाभा आणि उत्प्रेरक यांच्यामध्ये सिलिकाचा थर नसेल तर गाभ्यामुळेच क्रियाशीलता कमी होऊ शकते.

तुम्हाला नागपूरशी निगडितच प्रकल्प करायचा असेल, तर परवानगी घेऊन सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी आणा, ते गाळून त्यात पॅरासिटामॉलची ठरावीक मात्रा मिसळा, आणि तीच मात्रा ऊर्ध्वपातित पाण्यात घेऊन दोन्हींचा वेग शेजारी शेजारी मोजा. त्या दोन आलेखांतल्या फरकावर तुमचा प्रबंध उभा राहील.