पीडीएफ ‘चोरली’ म्हणावे की ‘शेअर केली’?

प्रश्न असा आला आहे: पुस्तकाची पीडीएफ परवानगीशिवाय सर्वांना पाठवणाऱ्याला ‘चोर’ म्हणणे भाषेच्या दृष्टीने बरोबर आहे का, की ‘फाइल शेअर केली’ एवढेच म्हणावे?

माझ्या मते दोन्ही शब्द चुकतात, आणि एकाच कारणाने. चोरी झाली की वस्तू मालकाकडे उरत नाही. आपल्यातले दुसऱ्याला दिले की आपल्याकडचे तेवढे कमी होते. फाइलचे तसे नाही. एकीच्या हजार झाल्या तरी पहिली जागच्या जागी असते. लेखकाचे जाते ते वेगळेच: आपल्या कृतीच्या प्रती कोणी काढायच्या हे ठरवण्याचा अधिकार, आणि त्यावर अवलंबून असलेले मानधन. हे नुकसान खरे आहे, म्हणूनच त्याला नेमका शब्द हवा.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्ये डाउलिंग खटल्यात हाच भेद केला. एल्विस प्रेस्लीच्या गाण्यांच्या अनधिकृत तबकड्या चोरीच्या मालाच्या वाहतुकीविरुद्धच्या कायद्याखाली येत नाहीत, असा तो निकाल होता. स्वामित्वहक्क (कॉपीराइट) मोडल्याच्या दोषातून मात्र आरोपीची सुटका झाली नाही. तेव्हा ‘स्वामित्वहक्कभंग’ हा सौम्य शब्द आहे असे समजू नये. ‘प्रताधिकारभंग’ मला त्याहून आवडतो, कारण त्यात ‘प्रत’ आहे आणि सगळा वाद प्रतीचाच आहे.

‘शेअर’ला मराठीत दोन शब्द आहेत, वाटणी आणि वाटप. वाटणीत असलेल्याचे हिस्से पडतात. वाटपात एकाकडून अनेकांना मिळते. फाइल शेअरिंग हे वाटप आहे, आणि कायदेशीर कारवाईचा रोखही बहुधा वाटपावरच असतो. ब्रॅम कोहेन यांनी २००१मध्ये आणलेल्या बिटटोरंट या फाइलवाटपाच्या पद्धतीत तर फाइल उतरत असतानाच तिचे आलेले तुकडे आपल्या संगणकावरून इतरांकडे जाऊ लागतात. तिथे ‘मी फक्त डाउनलोड केले’ हे वाक्य अर्धेच खरे असते.

‘वाङ्मयचौर्य’ इथे वापरू नये. दुसऱ्याचे लेखन स्वतःच्या नावावर खपवणे म्हणजे वाङ्मयचौर्य. पीडीएफ पाठवणारा लेखकाचे नाव पुसत नाही. उलट, हक्काची मुदत संपलेल्या पुस्तकाचेही वाङ्मयचौर्य होऊ शकते.

मग ‘चोरटी आवृत्ती’चे काय? तो प्रयोग मला निर्दोष वाटतो. ‘चोरटा’ म्हणजे लपूनछपून केलेला. क्रिकेटमधल्या चोरट्या धावेत कोणी काही पळवत नाही. गुपचूप छापून विकलेल्या पुस्तकाला तो शब्द चपखल बसतो. उघडपणे फिरणाऱ्या पीडीएफला मात्र ‘अनधिकृत प्रत’ म्हणावे, आणि ती पाठवण्याला ‘अनधिकृत वाटप’.