राष्ट्रीय शोकांतिकेतल्या मृतांच्या स्मरणार्थ बँडसाठी संगीत का लिहितात? ऐकायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत शाळेतल्या गोळीबारानंतर किंवा दहशतवादी हल्ल्यानंतर मृतांच्या स्मरणार्थ बँडसाठी खास रचना लिहून घेतात, पण आपल्याकडे बँड म्हटलं की वरात नाहीतर परेड. मग तो शोकाला कसा पुरतो?

मी अमेरिकेतल्या एका छोट्या शहराच्या हौशी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. यातल्या काही रचना वाजवल्या आहेत, त्यामुळे वाजवणाऱ्याच्या बाजूनं सांगते. माझं ठाम मत असं की या रचना ऐकणाऱ्यांच्या आधी वाजवणाऱ्यांसाठी असतात. हे एकदा ध्यानात आलं की बँडच का, याचं उत्तर बरंचसं मिळतं.

कॉन्सर्ट बँड म्हणजे खुर्च्यांवर बसून, कंडक्टरकडे बघत वाजवणारे पन्नास-साठ जण. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, हॉर्न, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा आणि मागे तालवाद्यांची रांग. व्हायोलिनचा ताफा नाही. बहुतेक सगळी सुषिर वाद्यं, म्हणजे सगळा कारभार श्वासावर. अमेरिकेत हायस्कूल तिथे बँड असं जवळजवळ समीकरणच आहे. गावातल्या दुकानदाराचा मुलगा, डॉक्टरांची मुलगी, पुढे फौजेत गेलेला कुणी, सगळे कधीतरी त्या खुर्च्यांवर बसलेले असतात. त्यामुळे एखाद्या गावावर घाला पडतो तेव्हा बँड बाहेरून बोलवावा लागत नाही. ज्यांच्यावर तो पडलेला असतो, त्यांच्यातच बँड असतो.

कोलंबाइनचं उदाहरण घ्या. डेन्व्हरजवळच्या या हायस्कूलमध्ये 20 एप्रिल 1999 रोजी दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. त्या दिवशी 12 विद्यार्थी आणि 1 शिक्षक मारले गेले. त्यानंतर कोलोराडोतल्या विद्यापीठाच्या बँडमधल्या विद्यार्थ्यांच्या संघटनेनं पुढाकार घेऊन निधी उभा केला आणि कोलंबाइनच्या शाळेच्या बँडसाठी फ्रँक टिकेली या संगीतकाराकडून रचना लिहून घेतली. तिचं नाव ‘अ‍ॅन अमेरिकन एलिजी’, म्हणजे एक अमेरिकन शोकगीत. पहिला प्रयोग 23 एप्रिल 2000 रोजी झाला आणि तो वाजवला कोलंबाइनच्याच मुलांनी. वर्षापूर्वी ज्यांचे वर्गमित्र गेले त्या मुलांना कुणी ‘तुम्ही समोर बसा, आम्ही तुमच्यासाठी वाजवतो’ असं म्हटलं नाही. त्यांच्या हातात त्यांना पेलेल अशी गोष्ट दिली.

रचना सुरू होते ती बँडच्या अगदी तळातून, आपण मंद्र सप्तक म्हणू तिथून, आणि हळूहळू वर चढत एका आर्त पुकारापर्यंत येते. मग हॉर्न मुख्य धून घेतात. ती रडवेली नाही, शांत आहे. पुढे एकच ओळ चार गट एकामागून एक उचलतात, स्वरांवर स्वर चढत जातात, आणि त्या लाटेच्या माथ्यावर कोलंबाइनचं शाळागीत उभं राहतं. बाहेरच्या श्रोत्याला ती एक भव्य ओळ वाटेल. त्या शाळेच्या मुलाला मात्र तिथे आपली शाळा ऐकू येणार, सामन्यांची, गॅदरिंगची. गोळीबारानंतर जगभर त्या शाळेचं नाव एकाच अर्थानं घेतलं जात होतं. टिकेलींनी तिला तिचं स्वतःचं गाणं परत दिलं, आणि मला वाटतं या रचनेतलं सगळ्यांत शहाणपणाचं काम तेच.

ते शिखर ओसरलं की रंगमंचाबाहेरून, विंगेमागून, एकटा ट्रंपेट वाजतो. वादक दिसत नाही. वाजवायला हा भाग फार नाजूक आहे. ट्रंपेटवाला आत उभा, त्याला कंडक्टर नीट दिसत नाही, आवाज दुरून उशिरा पोचतो, आणि बाकीच्यांनी त्या उशिरासकट त्याला धरून राहायचं असतं. आमच्या बँडला सगळ्यांत जास्त तालीम यालाच लागली.

आणखी एक गोष्ट फक्त वाजवताना कळते. लांबलचक स्वर अखंड ठेवायचा असेल तर एका रांगेतल्या सगळ्यांनी एकाच वेळी श्वास घेऊन चालत नाही. शेजारणीचा श्वास संपत आलाय हे कानानं ओळखायचं, ती थांबेल तेव्हा आपण स्वर धरून ठेवायचा, मग ती परत आली की आपण हळूच सुटायचं. श्रोत्याला सलग स्वर ऐकू येतो आणि कोण कधी थांबलं ते कळत नाही. एकेकट्याला ही रचना वाजवताच येत नाही. शोकसभेत आपण मौन पाळतो तेव्हा प्रत्येक जण आपापल्या जागी एकटा असतो. इथे तसं एकटं राहताच येत नाही.

आता अगदी वेगळ्या स्वभावाची रचना. 17 जून 2015 रोजी दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये इमॅन्युएल चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासाला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका वर्णद्वेष्ट्या गोऱ्या तरुणानं ठार केलं. त्यांच्यासाठी ओमार थॉमस यांनी ‘ऑफ अवर न्यू डे बिगन’ लिहिलं. तिचा पाया म्हणजे ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ हे जॉन्सन बंधूंचं गीत, ज्याला कृष्णवर्णीय अमेरिकन आपलं राष्ट्रगीत मानतात. रचनेचं शीर्षकही त्याच गीतातल्या शब्दांचं आहे. यात ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतशैलीचे स्वर आहेत, चर्चमधली खंजिरी आहे, आणि मधेच वादक वाद्यं बाजूला ठेवून पाय आपटतात, टाळ्या वाजवतात, गातात. मृतांबद्दलचा आदर आणि मारेकऱ्याबद्दलचा, त्याच्यासारखी माणसं घडवणाऱ्या समाजाबद्दलचा संताप, या दोन्हींना जागा कशी द्यायची हा आपल्यापुढचा सर्वांत मोठा पेच होता, असं थॉमस यांनी स्वतः सांगितलंय. त्यांनी संताप गाळला नाही, म्हणूनच मला ही रचना इतकी मोलाची वाटते. स्मृतिसंगीत म्हणजे केवळ सांत्वन अशी एक समजूत असते. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना घाईनं शांत करू बघणारं सांत्वन मला तरी पटत नाही.

ही पद्धत अमेरिकेनं शोधलेली नाही. फ्रान्समध्ये 1830 च्या जुलै क्रांतीत मेलेल्यांचे अवशेष 1840 मध्ये पॅरिसच्या बास्तीय चौकातल्या नव्या स्तंभाखाली नेऊन ठेवले, तेव्हा सरकारनं बर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराला संगीत लिहायला सांगितलं. त्यांनी सुमारे दोनशे वादकांचा लष्करी बँड घेतला, कारण मिरवणुकीत चालत, उघड्यावर वाजवायचं होतं. स्वतः नॅशनल गार्डच्या गणवेशात ते पुढे चालत होते. रस्त्यातल्या गोंगाटात काही ऐकू येणार नाही हे ओळखून त्यांनी जाणकारांना आधीच सभागृहात रंगीत तालमीला बोलावून ठेवलं होतं! ‘सिंफनी फ्युनेब्र ए त्रियोंफाल’ या त्या रचनेच्या मधल्या भागात ट्रॉम्बोन एकट्यानं जणू शोकभाषण करतो, तेवढं तरी जरूर ऐका.

आणि संगीतकार कारेल हुसा. मूळचे चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीतले, प्रागचे, पण ऑगस्ट 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा ते अमेरिकेत होते. ‘म्युझिक फॉर प्राग 1968’ त्यांनी बँडसाठी लिहिलं, आणि जानेवारी 1969 मध्ये इथाका कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या बँडनं ते वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा वाजवलं. सुरुवातीला एकटी पिकोलो, म्हणजे छोटी बासरी, पक्ष्यासारखी बोलते, पुढे प्रागच्या मनोऱ्यांच्या घंटा येतात, आणि पंधराव्या शतकातलं चेक योद्ध्यांचं एक गीत सगळीकडून डोकावत राहतं, पण पूर्ण कधीच गायलं जात नाही. त्यांच्या मायदेशात ही रचना त्यांना स्वतः वाजवून घेता आली ती 1990 मध्ये, तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर.

सगळ्याच रचना मला रुचतात असं नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1945 मध्ये, जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावर झालेल्या बाँबफेकीवर डॅनियल बुकविच यांची सिंफनी आहे. तिच्यात वादकांच्या तोंडून आवाज काढून घेत बाँबफेकीनंतरचा आगडोंब उभा केला आहे. कारागिरी जबरदस्त. पण ती ऐकून माझ्या मनात भीती उरते, माणसं उरत नाहीत. स्फोट कसा झाला हे सांगायला वार्ताहर आहेत. संगीतानं गेलेल्यांकडे बघावं.

आपल्याकडे याला समांतर काय, असंही तुम्हाला वाटेल. 2022 पासून दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये, गांधीजींना प्रिय असलेल्या ‘अबाइड विथ मी’ या ख्रिस्ती प्रार्थनागीताच्या जागी, फौजेचे बँड ‘ऐ मेरे वतन के लोगों’ वाजवू लागले. 1962 च्या युद्धातल्या शहिदांसाठीचं हे गाणं लताबाईंनी 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीत गायलं होतं, आणि त्याची चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. गाणं थोर, यात शंका नाही. पण ते गळ्यासाठी बांधलेलं आहे, बँडवर नंतर चढवलेलं, आणि वाजवतात ते फौजी वादक. एखाद्या होरपळलेल्या गावच्या शाळकरी मुलांनी आपल्याच माणसांसाठी वाजवावी अशी रचना आपल्याकडे कुणी लिहून घेतलेली माझ्या ऐकण्यात नाही. आपल्या कितीतरी शाळांमध्ये बँडपथकं आहेत, चांगले संगीतकार आहेत. हे व्हावं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात टिकेलींपासून करा. दहा-अकरा मिनिटं लागतील, हेडफोन लावा, नाहीतर तळातले स्वर निसटतात. मग ओमार थॉमस, पण तो व्हिडिओच बघा, कारण वादक वाद्य खाली ठेवून टाळी द्यायला लागतात ते दिसायला हवं. या दोन्ही रचना शक्यतो विद्यार्थ्यांच्या बँडच्या निवडा, एखादा सूर इकडेतिकडे गेला तरी चालेल. हुसांचं मात्र उलट. ते फार अवघड आहे, कच्च्या वादनात त्याची धार जाते, म्हणून तिथे एखाद्या नामवंत विद्यापीठाच्या किंवा लष्करी बँडचंच ध्वनिमुद्रण शोधा.